सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घेऊ का? पुण्यातली २१ लाखांची की बेंगळुरूची साडेअठराची?

भटका_सारथी

मंडळी, बरेच महिने डोक्यात घोळतंय ते आता विचारूनच टाकतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची स्पोर्टी आवृत्ती, घ्यायची आहे. सेकंडहँडच, कारण ती नवी मिळायचे दिवस कधीच गेले, २०२० ची आरएस २४५ फक्त २०० आल्या होत्या आणि ती ३६ लाखांना होती, आणि २०२५ मध्ये जी नवीन पिढीची आरएस आली तिच्या १०० गाड्या, किंमत पन्नास लाखांच्या घरात, म्हणजे तो विषयच संपला. माझं बजेट सगळं धरून २२, त्याच्यावर एक रुपया नाही.

दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली पुण्यातलीच, एमएच १२, २०१८ ची, दुसरा मालक, ६४ हजार किमी, रेस ब्लू रंग, २१ मागतायत. मालक म्हणतो सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे.

दुसरी बेंगळुरूची, केए पासिंग, २०१७ ची, पहिलाच मालक, ४८ हजार किमी, लाल, साडेअठरा. हिला स्टेज वन ट्यून, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलेली आहे, पण मालक म्हणतोय की देताना परत स्टॉक करून देतो.

वापर म्हणाल तर रोजचं ऑफिस नाही, आठवड्यातून दोनदा हिंजवडी, बाकी महिन्यातून एकदा-दोनदा कोल्हापूर, आईबाबा तिकडे असतात. घरात दुसरी गाडी ठेवायला पार्किंग नाही म्हणजे हीच एकमेव गाडी असणार. बायकोचं म्हणणं सरळ आहे, गाडी घरच्या गाडीसारखी वापरता आली पाहिजे, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर घासायला नको आणि आईंना गुडघेदुखी आहे त्यांना बसता-उठता आलं पाहिजे. मला मात्र ही गाडी मनापासून आवडते, खोटं कशाला बोलू. सांगा काय करू.

ओव्हरस्टिअर

घे रे. डोळे झाकून नको पण घे.

२.० टीएसआय टर्बो पेट्रोल, ताकद २३० पीएस, टॉर्क म्हणजे खेच ३५० एनएम, आणि तो टॉर्क दीड हजार आरपीएमच्या आसपासच हजर होतो. कंपनीचा आकडा ० ते १०० ला ६.८ सेकंद. पण आकडे सोड, खंबाटकीच्या चढावर दोन ट्रक शेजारी शेजारी रांगतायत, डावीकडून कंटेनर, तुला चाळीसच्या स्पीडवरून पुढे निघायचंय, तिथे ही गाडी काय करते ते बघ. पाय थोडा दाबायचा, गिअरबॉक्स दोन गिअर खाली येतो आणि तू पुढे गेलेला असतोस, गाडीच्या आत कोणाची मान हलत नाही, मागे बसलेल्याला कळतसुद्धा नाही. हीच तर गंमत आहे, ही आरडाओरडा करणारी गाडी नाहीये. मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, बूट ५९० लिटर, पाठचं दार काचेसकट वर उघडतं, म्हणजे सेडान म्हणतात पण सामान भरायला हॅचबॅक. आईबाबांचं कोल्हापूरचं तांदळाचं पोतं, गुळाच्या ढेपा सगळं जाईल.

आणि आपल्याकडे आरएसला इतिहास आहे हे पण लक्षात घे. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा १.८ टर्बो, १५० पीएस, त्या काळात टर्बो पेट्रोल म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं. मग २०११ ला लॉरा आरएस, १६० पीएस, फक्त मॅन्युअल. आणि मग २०१७ ला ही. नवी २४.६२ लाख एक्स-शोरूम होती, त्या पैशात तेवढी गाडी तेव्हाही दुसरी नव्हती. आजही नाही.

नाशिककर_मोटार

उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये पण एकच गाडी ठेवणार असाल तर शांतपणे विचार करा साहेब. २१ लाख देऊन सात-आठ वर्षं जुनी, वॉरंटी नसलेली गाडी. त्याच पैशात आपल्या चाकणला बनलेली नवी कोरी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी नाहीतर स्लाव्हिया १.५ येते, १५० पीएस, २५० एनएम, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला पाच स्टार, कंपनीची वॉरंटी, पार्ट गल्लोगल्ली. ग्राउंड क्लिअरन्स भारतीय रस्त्यांसाठी वाढवलेला. पुणे-कोल्हापूर रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, डायव्हर्जन, खडी, अर्धवट पूल. २३० पीएस वापरणार कुठे? एक्स्प्रेसवेला १०० ची मर्यादा आणि कॅमेरे, समृद्धीला १२०. घरच्यांची एकमेव गाडी ही वर्कशॉपमध्ये पार्टची वाट बघत उभी राहिली तर काय करणार, याचं उत्तर आधी द्या.

ओव्हरस्टिअर

नाशिककर, व्हर्टस चांगलीच आहे, वाईट कोण म्हणतंय. पण हा मुद्दा दरवेळी येतो, पॉवर वापरणार कुठे. पॉवर १८० ने जायला नसते हो, ऐंशीवरून ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहायला असते. सुरक्षेचाच भाग आहे तो. आणि ऑक्टाव्हिया एक पूर्ण सेगमेंट वरची गाडी आहे, दार लावताना कळतं.

पाना_नं_तेरा

मी पिंपरीत स्वतःचं गॅरेज चालवतो, फोक्सवॅगन ग्रुपच्याच गाड्या करतो जास्त करून, त्यामुळे गाडी घ्या की नको घ्या यात पडत नाही, बघायचं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी डीएसजीची, म्हणजे या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची भीती. लोक ज्याला घाबरतात तो सात गिअरचा ड्राय क्लच डीक्यू२००, तो त्या काळच्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियात होता. आरएस २३० मध्ये सहा गिअरचा वेट क्लच डीक्यू२५० आहे, क्लच तेलात बुडालेले असतात, ट्रॅफिकमध्ये तापले तरी सहन करतात. दमदार गिअरबॉक्स आहे. पण अट एकच, दर ६० हजार किमीला तेल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. तुमची पुण्याची गाडी ६४ हजारला आहे. म्हणजे हा खर्च एकतर आत्ताच झालाय नाहीतर तुमच्या माथी येणार आहे. सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे असं तोंडी चालत नाही, डीएसजी ऑइल सर्व्हिसचं बिल दाखव म्हणावं, पार्ट नंबर आणि किती लिटर तेल ते बिलावर असतं.

दुसरं, या ईए८८८ इंजिनाचा जगभर माहीत असलेला कच्चा दुवा म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. कालांतराने ते वाकतं आणि कूलंट झिरपतं. खाली थेंब दिसतीलच असं नाही, गरम इंजिनवरच वाळून जातं. टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बघायचं, गुलाबी पांढरट खपली दिसली तर समजायचं गळती आहे. कूलंटची टाकी थंड गाडीत मिन आणि मॅक्सच्या मध्ये पाहिजे, ताजी भरलेली वाटली तर का भरली ते विचारा.

तिसरं, गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर परत या. थंड स्टार्टला पहिले दोन-तीन सेकंद चेनचा खडखडाट आला तर टेन्शनरकडे बघावं लागेल, या पिढीत तो त्रास आधीच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे पण ऐकायला पैसे पडत नाहीत.

चौथं टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे आहेत का बघा. अशा गाडीला कोणी पुढे एक ब्रँड आणि मागे स्वस्तातला दुसरा टाकलेला असेल तर त्या माणसाने तेलातही असाच हात आखडला असणार. रिम आतल्या बाजूने बघा, बाहेरून पॉलिश करतात, आतला वाकलेला ओठ कोणी झाकत नाही.

पाचवं, लिफ्टवर घ्या. लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंट, पुढच्या बंपरची खालची कड आणि अंडरट्रे. कड घासलेली असणारच, तुटून परत चिकटवलेली नको. इंजिन आणि गिअरबॉक्सचे पार्ट ग्रुपच्या बाकी गाड्यांशी जुळतात ते मिळतात, त्रास कुठे आहे तर आरएसच्या खास वस्तूंचा, बंपर, सीट, एक्झॉस्टची टोकं, ही मागवून वाट बघावी लागते. नाशिककरांचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

भटका_सारथी

पाना दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. बेंगळुरूच्या गाडीचं काय वाटतं? किमी कमी आहेत, मालक एकच, आणि अडीच लाखांचा फरक आहे. स्टेज वन तर तो काढून देतोय.

पाना_नं_तेरा

सॉफ्टवेअर काढता येतं, झालेला वापर काढता येत नाही. स्टेज वन म्हणजे बूस्ट वाढवलेला, टॉर्क पुष्कळ वर नेलेला. चांगल्या माणसाने चांगल्या फाइलने केलं असेल, तेल वेळेवर बदललं असेल, ९५ ऑक्टेनच्या वरचं पेट्रोल टाकलं असेल तर इंजिन दगड आहे, काही होत नाही. पण हे सगळे "असेल" आहेत.

ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, सॉफ्टवेअर किती वेळा फ्लॅश झालंय त्याची नोंद राहते. ग्रुपच्या सिस्टिममध्ये गाडी टीडी१, म्हणजे ट्यून केलेली, म्हणून मार्क झालेली असू शकते, तसं असेल तर कंपनीकडून कसल्याही गुडविलची अपेक्षा ठेवू नका. आणि मालक स्टॉक करून देतो म्हणतो ते मला उलट आवडलं नाही. मी असतो तर म्हटलं असतं आहे तशीच दाखव, त्याच ट्यूनवर लॉग घेऊ, मिसफायर काउंट, बूस्ट मागितला किती आणि मिळाला किती, इग्निशन मागे खेचतंय का. स्टॉक केल्यावर हे पुरावे पुसले जातात.

आरसी_बुक

गाडीचं ज्ञान मला नाही, पण कागद माझा विषय आहे, रोज आरटीओच्या कामातच असतो. तो अडीच लाखांचा फरक कागदावर बघा किती उरतो.

केए गाडी बारा महिन्यांच्या वर महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग इथे रोड टॅक्स परत भरायचा. पेट्रोलची २० लाखांवरची गाडी, वैयक्तिक नावावर, १३ टक्क्यांचा स्लॅब, मूळ किमतीवर लावून गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. २४ लाखांच्या गाडीवर हिशोब करा, वय वजा करूनसुद्धा रक्कम लाखात जाते. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो पण त्याला खेटे आहेत, आणि ते पैसे हातात आल्यावरच मोजा. एजंट, ट्रान्सपोर्ट, दोन वेळा बेंगळुरूला जाणं धरा.

पुण्याच्या गाडीला फॉर्म २९ आणि ३०, तेवढंच. पण दुसरा मालक आहे म्हणून हायपोथिकेशन नीट बघा. बँकेचं कर्ज फिटलं तरी आरसीवरून बोजा उतरवलेला नसतो असं फार वेळा असतं, फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मागा, फोटो नको, मूळ कागद. ई-चलान सगळी भरून घ्या, अशा गाड्यांवर एक्स्प्रेसवेची चलानं साठलेली असतात. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागलेली आहे का बघा, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती स्वतः बसवून घ्यावी लागते.

इन्शुरन्स ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, तो तुमच्या जुन्या गाडीवरचा असेल तर तुम्ही इकडे आणू शकता. आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टची भरपाई, मिळतो का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात आणि मग एक बंपर सुद्धा खिशाला भोक पाडतो.

अनघा_सांगली

मी लॉरा आरएस चालवते, २०१२ ची, मॅन्युअल, घरातली एकमेव गाडी आहे, म्हणून लिहितेय. सगळे जण इंजिन आणि कागदावर बोलताहेत पण धागाकर्त्याच्या बायकोने विचारलेल्या दोन प्रश्नांना कोणी नीट उत्तरच दिलं नाही, आणि एकच गाडी असली की तेच प्रश्न रोज समोर येतात.

सासूबाईंचे गुडघे. ही गाडी खाली बसलेली आहे, त्यात आरएसच्या पुढच्या सीटला बाजूने उंच कडा असतात, मांडी त्या कडेवरून सरकवून बसावं लागतं. तरुण माणसाला मजा येते, सत्तरीतल्या बाईला नाही. पण मागची सीट सपाट आहे आणि ऑक्टाव्हियाला मागे जागा भरपूर, दार रुंद उघडतं. आईंना शोरूमला नाही, त्याच गाडीत प्रत्यक्ष बसवून बघा, बसताना नाही, उठताना बघा. आमच्या घरी पुढे बसायचा हट्ट सोडून दिला आणि प्रश्न मिटला.

स्पीडब्रेकर. तिरकी घालायची, एक चाक आधी. चार माणसं आणि सामान असताना मोठ्या उंचवट्यावर सावकाश. सोसायटीतला तुमचा नेमका स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचा रॅम्प, या दोन ठिकाणी टेस्ट ड्राइव्हला गाडी नेऊन बघा, मालक नाही म्हणत नाही. पावसाळ्यात पाणी साठलेल्या रस्त्यावर खड्डा दिसत नाही आणि लो प्रोफाइल टायरची भिंत फाटते, म्हणून जुलै ते सप्टेंबर रात्रीचा कोल्हापूर प्रवास टाळायचा हा नियमच करून टाका. तिथे स्टेपनी कुठली आहे ते पण बघा, पूर्ण मापाची आहे की छोटी.

इतकं सगळं करूनसुद्धा मी माझी गाडी विकणार नाही. आंबा घाटात सकाळी एकटी जाते तेव्हा वाटतं की ही माझीच आहे, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

रांजणगाव_टीजेट

कोणी माझ्या गाडीचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढतो. फियाट लिनिया टी-जेट. आपल्या रांजणगावला बनलेली, १.४ टर्बो, ११४ पीएस, २०७ एनएम, पुढे मागे चारही डिस्क, हायड्रॉलिक स्टिअरिंग. शेवटी शेवटी १२५ एस म्हणून आली ती १२५ पीएसची. हेच इंजिन अबार्थ पुंटोत १४५ ला होतं. चांगली एक मिळाली तर आरएसच्या किमतीच्या पाव भागातसुद्धा येईल, आणि उरलेल्या पैशात घरच्यांसाठी दुसरी उंच गाडी.

दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेली असते हे खरं. पण स्टिअरिंगमधून रस्ता हातात येतो, तो अनुभव नव्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये नाही. टायमिंग बेल्ट आहे, तो वेळेवर बदलायचा. फियाटने इथली दुकानं बंद केली तरी पार्ट शोधणारी माणसं पुण्यात आहेत, आम्ही एकमेकांना सांभाळून असतो.

नाशिककर_मोटार

त्यांना पार्किंग एकच आहे हो, दुसरी उंच गाडी ठेवणार कुठे.

रांजणगाव_टीजेट

हां, ते वाचायचं राहून गेलं खरं. मग आरएसच बघा, पण एकदा टी-जेट चालवून तर बघा.

ओव्हरस्टिअर

एक राहिलं, इ२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०१८ ची बीएस४ गाडी आहे, टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाच आणि त्याप्रमाणे ठरव. आणि ९५ किंवा त्यावरचं पेट्रोल टाकायची तयारी ठेव, हे इंजिन त्याच्यासाठीच बनवलंय, मग लिटरमागे चार पैसे जास्त गेले म्हणून कुरकुर करायची नाही.

नाशिककर_मोटार

मी माझं मत थोडं बदलतो. पानावाल्यांनी सांगितलेली सगळी तपासणी पास झाली आणि २२ मध्ये पहिल्या वर्षाचा खर्च बसला तर घ्या. पण २१ ला गाडी घेतली तर उरतो एक लाख, त्यात टायर, डीएसजी सर्व्हिस, इन्शुरन्स, ट्रान्सफर बसत नाही. म्हणजे गाडी जास्तीत जास्त साडेएकोणीसला मिळाली पाहिजे. त्याच्या वर गेली तर व्हर्टस, आणि तिथे मागे वळून बघायचं नाही.

भटका_सारथी

अपडेट देतो, सगळ्यांनी एवढा वेळ दिला तर कळवायलाच पाहिजे.

बेंगळुरूची सोडली. मालकाला लॉग घेऊ द्या म्हटलं तर म्हणाला गाडी आधीच स्टॉक केली, मग आरसी_बुक साहेबांनी सांगितला तसा टॅक्सचा हिशोब मांडला, फरक जवळजवळ गेलाच.

पुण्याची बघितली. सकाळी सातला गेलो, बॉनेट थंड होतं. आवाज स्वच्छ. पाना दादांच्याच गॅरेजला लिफ्टवर घेतली, थर्मोस्टॅट हाउसिंगखाली ती गुलाबी खपली दिसली, मालकालाही दाखवली, त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. डीएसजी ऑइलचं बिल नाही. टायर चारही एकाच कंपनीचे पण २०१९ चे, म्हणजे बदलायलाच आलेत. स्कॅनमध्ये बाकी काही नाही, फ्लॅश झालेली नाही, रिम सरळ आहेत. आरसीवर आधीच्या मालकाचा बँकेचा बोजा अजून आहे, कर्ज फिटलंय पण उतरवलेला नाही.

आईला बसवून बघितलं. मागे बसली, उठताना वरचा दांडा धरून उठली, म्हणाली स्विफ्टपेक्षा बरी आहे. बायकोने स्वतः बेसमेंटच्या रॅम्पवरून वर आणली, तिरकी घालून, कुठेही घासली नाही. उतरल्यावर तिने किल्ली लगेच परत दिली नाही, अजून एक चक्कर मारून आली, त्यामुळे तिकडून होकार समजतो.

मालकाला सगळ्याचं एस्टिमेट दाखवलं, भाव पाडायला म्हणून नाही, आहे ते. १९ लाख ३० हजारला तयार झालाय. टोकन दिलं नाही अजून, बोजा उतरवून आरसी हातात दिली की पैसे, असं ठरलंय.

आरसी_बुक

बरोबर केलंत. फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का असलेल्या दोन प्रती लागतील, बँकेच्या एनओसीची तारीख जुनी झाली असेल तर नवी मागून घ्यायला लावा. टोकन द्यायचंच झालं तर चेकने, आणि बोजा न उतरल्यास परत, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

पाना_नं_तेरा

गाडी नावावर झाली की घेऊन या. हाउसिंग, डीएसजी तेल-फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड एकदमच करू, टायर त्याच्या आधी टाकून घ्या म्हणजे अलाइनमेंट एकदाच होईल. हाउसिंगचा पार्ट मी आत्ताच मागवून ठेवतो.